भुताचा सिनेमा

आमच्या हळद कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीत गुदमरून भारत गेला, त्याला महिना झाला. साहेब मला म्हणाले, "सोमवारी संपतराव त्याच टाकीत सफाईला उतरणार आहेत. त्याआधी सुरक्षेवर एक ब्लॉग टाका, बाई." आठवडाभर माझं "हेल्मेट वापरा"च्या पुढं काही सरकलं नाही. रविवारी सासूबाईंनी टीव्हीवर भुताचा सिनेमा लावला. नायिका एकटीच अंधाऱ्या तळघरात उतरू लागली, तशा सासूबाई बाजेवरून अर्ध्या उठल्या.

"अगं ए भवाने, काहून खाली जाऊन राहिली? फिर ना माघारी!"

मी हसले. "आत्याबाई, तिला ऐकू येतं व्हय?"

"न येऊ दे. मरायला चाललेल्या माणसाला हाक तर मारावी का न्हाई?"

मी सिनेमा सोडून उठले आणि लिहायला बसले. ब्लॉग तीनच ओळींचा झाला.

"भारत टाकीत उतरला तेव्हा आतून उग्र वास येत होता. वर आम्ही सहाजण नाकाला पदर, रुमाल लावून उभे होतो. भारतला ऐकू येत होतं."