सडक्या कोबीचा वास

"ही चौकशी नाही, साहेब. मला खोटारडी ठरवायचं तुम्ही आधीच ठरवून बसलाय."

धाकटीचा आवाज चढला. साहेबांनी चष्मा पुसला. कोपऱ्यातल्या खुर्चीत थोरली बहीण साक्षीदार म्हणून बसली होती. कितीतरी महिन्यांनी तिच्या जिवाला गार वाटत होतं.

डिझेलमधलं गंधक काढणारा नवा उत्प्रेरक धाकटीने बनवला होता. पहिल्या चाचणीत गंधक औषधालाही उरलं नाही. वाहवा झाली. मग त्याच कृतीने बनवलेली दुसरी खेप निम्मंही काम करेना. म्हणजे पहिले आकडे बनावट, हे साहेबांचं सरळ गणित. आज धाकटीची नोकरी जाणार होती.

थोरलीने फक्त गप्प बसायचं होतं.

ती आयुष्यभर प्लॅटिनमच्या विभागात राबली. तिथे गंधक म्हणजे वैरी. थेंबभर गेलं की उत्प्रेरक मेला. तो विभाग बंद पडला आणि साहेबांनी तिला धाकटीच्या हाताखाली टाकलं. त्यांना बहिणी कुठून दिसणार? त्यांना दोन टेबलं दिसली. जिला बोट धरून शाळेत नेलं, तिच्या सहीशिवाय आता रजा मिळेना. "ताई, तेवढ्या बाटल्या धुऊन ठेव ना गं," असं धाकटी गोड बोलायची, आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पहिल्या चाचणीच्या दिवशी धाकटी जेवायला गेली. थोरलीने कपाटातलं गंधकाचं जहाल द्रव्य सिरिंजमध्ये ओढलं आणि चाचणीच्या यंत्राला जाणाऱ्या डिझेलमध्ये सोडलं. सडक्या कोबीसारखा भपकारा आला. "मर आता," ती म्हणाली. उत्प्रेरकाला की बहिणीला, ते तिचं तिलाच ठाऊक.

मेला नाही तो. पेटून उठला.

का, ते तिने नंतर चोरून वाचलं. धाकटीच्या उत्प्रेरकातलं कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम, हे धातूंचं जोडपं उलट्या तऱ्हेचं. जे गंधक काढायचं, ते आधी स्वतः खाल्ल्याशिवाय जागंच होत नाही. पोटभर मिळालं की मॉलिब्डेनमचे पापुद्रे बनतात, कोबाल्ट त्यांच्या कडांवर जाऊन बसतं, आणि राबतात त्या कडाच. मधला सपाट भाग नुसता लोळत पडतो. धाकटी डिझेलमधल्या गंधकावरच भागवायची. ते पुरत नव्हतं. थोरलीने विष म्हणून पाजलं, ते त्याचं बाळकडू निघालं. बहिणीच्या सत्काराला टाळ्या वाजवताना तिचे हात भाजत होते.

"शेवटचं विचारतो," साहेब म्हणाले. "त्या दिवशी तुमच्याशिवाय यंत्राला कोणी हात लावला होता?"



"कोणीही नाही," धाकटी म्हणाली.

"मग संपलंच. चहा घेऊन येतो, तोवर राजीनामा लिहा."

दार लागलं. धाकटी थोरलीसमोर येऊन उभी राहिली. डोळे कोरडे होते.

"जेवून आले तेव्हाच वास आला होता मला, ताई. दुसऱ्या खेपेला मीही तेच द्रव्य अंदाजाने घातलं. चुकलं. का केलंस, ते घरी जाऊन भांडू. साहेबांकडे मी तिसरी चाचणी मागणार आहे. आता ते यायच्या आत एवढंच सांग, किती घातलं होतंस?"