एक्केचाळीस भांडी

मिस ॲडेलला कपाटाची किल्ली सापडेपर्यंत एझ्रा सिमन्स उभाच राहिला. तिने दोनदा 'बस' म्हटलं, पण दिवाणखान्यातल्या सगळ्या खुर्च्यांवर 'बसू नये' अशा पाट्या होत्या. गेली सव्वीस वर्षं त्या पाट्या तोच पुसत आला होता.

लॅम्बर्थ हॉल आता संग्रहालय होतं. मिस ॲडेल लॅम्बर्थ त्या घराण्यातली शेवटची आणि समितीची अध्यक्ष, वय त्र्याहत्तर. एझ्रा शहात्तरचा. त्याचे पणजोबा-खापरपणजोबा याच घरच्या भातखाचरांत गुलाम म्हणून राबले. लहानपणापासून ती त्याला अरे-तुरे करी आणि तो तिला अहो-जाहो. वयाचा मान या घरात असा उलटाच चालत आला होता, आणि आता त्या दोघांनाही तो खुपत नसे.

सोमवारी ओकच्या झाडापलीकडच्या माळावर बुलडोझर येणार होता. शाळांच्या बसगाड्यांना जागा हवी होती. त्या माळात कुठेतरी एझ्राची आई रीना पुरलेली होती. समितीचं म्हणणं सरळ होतं, जागा दाखवा, तेवढी सोडू. पण माळ चार एकरांचा, आणि एझ्राला नक्की जागा सांगता येत नव्हती.

थडग्यावर दगड बसवायची ऐपत तेव्हा त्याच्या लोकांत कुणाचीच नव्हती. त्यांची रीत वेगळी होती. मेलेल्या माणसाने शेवटचं पाणी ज्या भांड्यातून घेतलं, ते बुडाला भोक पाडून त्याच्या उशाशी ठेवायचं. भांडं फुटलं की मरणाची साखळी तुटते, मागे राहिलेल्यांना ते ओढून नेत नाही. आणि थडग्यावरच्या भांड्याला कुणी हात लावायचा नाही, मग ते शंभर वर्षं तिथे का पडून राहीना.

आई गेली तेव्हा एझ्रा नऊ वर्षांचा होता. तिच्या उशाशी पाण्याचा निळा जग ठेवला गेला, तो त्याने पाहिला होता. पुढच्याच वर्षी ॲडेलच्या आजीने घर पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली आणि माळ साफ करून घेतला. एझ्रा शाळेतून परतला तेव्हा तिथे नुसतं कापलेलं गवत होतं. त्याच्या वडिलांनी कुणाला जाब विचारला नाही. ते दिवस विचारण्याचे नव्हते.

कालांतराने ती भांडी संग्रहालयाच्या कपाटात दिसू लागली. खाली पाटी, 'लॅम्बर्थ कुटुंबाच्या स्वयंपाकघरातील जुनी भांडी'. म्हातारीचा गैरसमज झाला असावा, असं सगळे म्हणत. मोठ्या घरची बाई, तिला गरिबांच्या रीती कुठून ठाऊक असणार? एझ्राही तेच म्हणे. आयुष्यभर राग धरून बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

किल्ली सापडली. पण एझ्राला वाटलं होतं तसा आईचा जग मिस ॲडेलने कपाटातून काढलाच नाही. भांड्यांच्या मागून तिने एक तपकिरी वही काढली आणि त्याच्या हातात दिली. आजीने प्रत्येक भांडं कुठे मिळालं ते लिहून ठेवलं होतं. ओकपासून किती पावलं, कोणत्या दिशेला.

"हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?" एझ्राने विचारलं.

"बरीच वर्षं झाली. द्यायला हवी होती तुला. धीर झाला नाही."

वहीत एक्केचाळीस नोंदी होत्या. एझ्रा बोट फिरवत खाली आला. निळा जग, पश्चिमेला बावीस पावलं, दक्षिणेला सहा. सदुसष्ट वर्षांनी त्याला आई कुठे आहे ते कळलं. तो जवळच्या खुर्चीत बसला, पाटीसकट.

मिस ॲडेल म्हणाली की सोमवारी बुलडोझर येणार नाही. सगळ्या माळाला कुंपण घालू, नावं सापडतील तितके दगड बसवू, समितीला काय सांगायचं ते मी बघते. एझ्राने मान हलवली. त्याला खूप हलकं वाटत होतं. काही बोलावं म्हणून त्याने पुढची ओळ वाचली. चांदीचा पेला, पश्चिमेला बावीस पावलं, दक्षिणेला आठ.

तो पेला साऱ्या तालुक्याला माहीत होता. दिवाणखान्यातच, कॅप्टन ज्यूलियन लॅम्बर्थच्या चित्राखाली, काचेच्या पेटीत तो ठेवलेला होता. कॅप्टन म्हणजे आजीचा चुलतसासरा आणि घराण्याचा मानबिंदू. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लढाईला निघताना तो घोड्यावरूनच पाणी प्यायला, पेला गवतात भिरकावला आणि व्हर्जिनियात सगळ्यांच्या पुढे धावताना पडला. देह काही सापडला नाही. पेल्याच्या बुडाचं भोक घोड्याच्या टापेने पडलं, असं गाइड सांगत. पोरांना तो भाग फार आवडे.

एझ्रा उठून पेटीपाशी गेला आणि बराच वेळ वाकून पाहत राहिला.

"मिस ॲडेल, टापेने असं भोक पडत नाही. हे खिळा ठेवून पाडलंय."

"हो," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, एखादी यादी वाचावी तशा आवाजात. कॅप्टन पाच महिन्यांत लढाई सोडून पळून आला. बापाने दार उघडलं नाही. एझ्राच्या लोकांनी त्याला आपल्या खोपटात लपवलं. तिथे तो तापाने तीन आठवड्यांत गेला, आणि त्यांनी त्याला आपल्यातलाच एक समजून, आपल्या रीतीने पुरलं.

एझ्राने वही मिटली.

"म्हणजे ती थडगी आहेत, हे तुमच्या आजीला ठाऊक होतं."

"तिला एकच पेला उचलायचा होता, एझ्रा. तेवढाच उचलला असता, तर लोकांनी विचारलं असतं, हाच का?"