आपल्याकडची रीत

हात वर झाले तेव्हा नळवाल्याने मान खाली घातली. स्वतःसाठी वर गेलेले हात मोजत बसणं त्याला बरं दिसेना. तशी काळजी नव्हती. वस्तीच्या त्या सभागृहात बसलेल्या बहुतेकांची न्हाणीघरं त्याने आतून पाहिली होती. कोणाकडे काय तुंबतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याविरुद्ध जायला छाती लागते.

"मंजूर," अध्यक्ष म्हणाले. खजिनदारांनी, म्हणजे त्यांच्याच जावयांनी, शिक्का मारला. "अभिनंदन! आजपासून तुम्ही इथले नागरिक, या सभेचे सभासद. इकडे आमच्यात येऊन बसा. पुढच्या अर्जावर तुम्हालाही मत आहे."

नळवाला अर्जदाराच्या खुर्चीवरून उठला. त्या खुर्चीवर त्याची बायको येऊन बसली. पुढचा अर्ज तिचा होता.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी या देशातली माणसं पोटासाठी बाहेर जात, आणि तेव्हाचा कायदा आईच्या मायेचा होता. कुठेही जा, कुठेही जन्माला या, रक्त आपलं ना? मग तुम्ही आपले. पुढे देशाला बरे दिवस आले, बाहेरची माणसं आत येऊ लागली, आणि आईची सासू झाली. आता नुसत्या रक्तावर भागेना आणि नुसत्या राहण्यावरही भागेना. माणसात या देशाचा स्वभाव मुरला पाहिजे, असं ठरलं. तो मुरला की नाही, हे शेजाऱ्यांनी भरसभेत हात वर करून सांगायचं. नवराबायकोचा स्वभाव एक नसतो हे जगजाहीर असल्याने त्यांचे अर्जही वेगवेगळे.

तिचं कठीणच होतं. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कायमची रात्रपाळीला. वस्ती जागी असे तेव्हा ती झोपलेली, आणि ती कामावर निघे तेव्हा वस्तीच्या खिडक्या बंद. नवऱ्याला सगळे हाक मारून ओळखत. तिला ओळखत होती ती एकटी पाववाली. नकार आला तर तिचा परवाना महिनाअखेर संपणार होता आणि तिला मायदेशी परतावं लागणार होतं. त्याला सोबत जाता आलं नसतं. इकडचा शिक्का पडला की तिकडचं नागरिकत्व सुटतं, आणि तो शिक्का आत्ताच पडला होता. दोघं एका देशातून एकत्र आली होती. या घटकेला तीच दोघं दोन देशांत बसली होती, मध्ये एक टेबल.

"बाई चांगल्याच असतील हो," औषधवाले म्हणाले, "पण चांगल्या आहेत हे कळायला आधी दिसायला तर हव्यात!"

हशा पिकला.

"चादरी काय आपोआप पांढऱ्या होतात?" पाववाली तडकली. "ऑपरेशन झालं तेव्हा कोणी धुतलेल्या चादरीवर घोरत पडला होतात?"

पुन्हा हशा पिकला. पण हसणं वेगळं आणि हात वर करणं वेगळं. नळवाला एकेक चेहरा बघत होता. सगळं अगदी काट्यावर आलं होतं.

"चला, मतं घेऊ या," अध्यक्ष म्हणाले.

तेव्हा नळवाला उठला.

नागरिकत्वाच्या वर्गात दोघं शेजारी शेजारी बसत. तिथल्या निवृत्त मुख्याध्यापिकेने या देशाचा स्वभाव त्यांच्याकडून घोटून घेतला होता. इथे वेळ पाळतात. इथे रांग मोडत नाहीत. आणि घरच्या माणसाचा विषय निघाला की इथला माणूस मत देत नाही. उठून बाहेर जातो. हे शेवटचं बाईंनी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. नळवाल्याच्या ते काळजात जाऊन बसलं. त्याच्या जुन्या देशात प्रत्येक खुर्ची कोणाच्या तरी मेव्हण्याची असे. त्यालाच विटून तर तो निघाला होता.

तरी पाय उचलेना. एकच तर हात वर करायचा होता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती घाबरलेली होती, पण वर्ग तिनेही केला होता. तिने हळूच मान हलवली. जा.

बाहेरच्या बोळात एक नळ ठिबकत होता. त्याने सवयीने तो आवळला. ठिबकणं थांबेना, वायसर गेला होता. तरी तो आवळतच राहिला. आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला तेव्हा कुठे त्याने हात काढला.

तो आत आला. पाववाली पदराने तोंड दाबून बसली होती. त्याची बायको तेवढी ताठ बसलेली, अजूनही वर्गात असल्यासारखी.

"मतं सारखी पडली," अध्यक्ष म्हणाले. "सारखी पडली की अर्ज फेटाळला जातो. आणखी कोणाचा हात आहे का, म्हणून मी दोनदा विचारलं. तुम्ही होतात कुठे?"

"बाहेर, साहेब."

"बाहेर? अहो, इथे बायकोचा अर्ज चाललाय आणि तुम्ही बाहेर?"

"म्हणूनच तर." त्याच्या आवाजात थोडी ऐट होती. "घरचा विषय ना. आपल्याकडे तशीच रीत आहे."

'आपल्याकडे' हा शब्द तो आयुष्यात पहिल्यांदाच या देशासाठी वापरत होता. सभागृहात कोणी कोणाकडे पाहीना. अध्यक्ष काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, नुसताच हातात धरला, आणि आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात ते म्हणाले,

"अहो, ते आम्ही फक्त बाहेरून आलेल्यांना शिकवतो."