हौसाताईंची भीती

“झालं, निघाली चिप,” डॉक्टर म्हणाले, आणि सेनापती हौसाताईंना कित्येक वर्षांनी पहिल्यांदा भीती वाटली. भीती दाबून टाकणाऱ्या या चिपमुळेच क्रांतिपक्षाचे सैनिक न घाबरता लढले होते आणि यादवी युद्ध जिंकले होते. आता राजधानी हाती आली, तरी चिप काढायला पक्षाची बंदी होती. न घाबरणारे शिपाई निःशस्त्र जमावावरही बेधडक गोळ्या झाडत होते.

म्हणूनच ती गुपचूप काढून घेऊन हौसाताई तशाच पक्षाच्या बैठकीला गेल्या.

“आजपासून बाकीचे सगळे पक्ष बंद. कुणाचा विरोध?” अध्यक्ष केरबांनी विचारलं.

“माझा आहे,” म्हणत हौसाताई उठल्या.

“ताई, तुम्ही तर थरथरताय!” केरबा म्हणाले.

“हो. बाहेर लोकांना आपली भीती वाटते, तशीच मलाही वाटतेय. तरी माझा विरोध लिहून घ्या.”

पहारेकरी पुढे सरसावले. हौसाताई टेबलाची कड घट्ट धरून उभ्याच राहिल्या.