वेगळा डबा

"टीव्हीतच सगळं असताना वर हा डबा कशाला?" असं म्हणत बाबा हयात असेपर्यंत हा वाद जिंकत राहिले. टीव्हीतली अ‍ॅप्स अखेर बंद पडली, तेव्हा लेकीने अ‍ॅप्स चालवणारा वेगळा डबा आणून टीव्हीला जोडला. चित्र झटकन उमटलं, आणि आईने लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

मालिकेतलं पहिलंच वाक्य संपलं आणि चित्र जरासं मागे गेलं. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा मागे. कमी ऐकू येणारे बाबा अगदी असंच करायचे. रिमोट तर दोघींपासून लांब, टेबलावर होता.

"अहो, पुढे जाऊ द्या की!" आई सवयीने म्हणाली.

चित्र पुढे सरकलं.

लेकीला आनंद आवरेना. "आई," ती कुजबुजली, "बाबांना आवाज मोठा करायला सांग ना."

आईने तोंड उघडायच्या आतच आवाज वाढू लागला.