गाळलेलं कालवण

बयाबाईने डबा उघडला आणि नेरूळच्या त्या हॉस्पिटलातल्या अख्ख्या वॉर्डात बोंबलाच्या कालवणाचा वास दरवळला. बाजूच्या खाटेवरच्या बाईने नाकाला ओढणी लावली. लाव बाई, खुशाल लाव!

सिताराम, तिचा नवरा, भिंतीकडे तोंड करून पडला होता. आतड्याचा कॅन्सर पोटभर पसरलेला. खालची वाट बंद, ऑपरेशनचा उपयोग नाही. पोटात गेलेलं सगळं उलटून पडायचं. आता तोंडाने काही द्यायचं नाही, असं ठरलं त्या दिवसापासून त्याने बोलणंच टाकलं होतं. एरवी जासईच्या नाक्यावर तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस! हा असाच, एक शब्द न बोलता जायचा, या भीतीने बयाबाईच्या काळजाचं पाणी झालं होतं.

मग परवा डॉक्टर स्मितांनी त्याच्या पोटातून एक नळी बाहेर काढली आणि पिशवीत सोडली. "मावशी, आता पातळ काहीही द्या. नळीवाटे निघून जाईल, उलटी होणार नाही."

"अंगाला नाय लागाचा, तं द्याचा कशाला गो बाय?"

"जीभ अजून धडधाकट आहे त्यांची, म्हणून."

आज सकाळी बयाबाईने घरी ओले बोंबील शिजवले, कालवण मऊ फडक्यातून दोनदा गाळलं. काटा नाही, चोथा नाही. चाखलं मात्र नाही. नवरा उपाशी असताना आपल्या जिभेवर थेंब ठेवणं तिच्याच्याने झालं नाही.

आता तिने डब्यातून चमचा भरला. "ऐकलात काय? जरा तोंड उघडा."

त्याने डोळे मिटूनच तोंड उघडलं. एक चमचा गेला. आणखी एक. मग त्याच्या कपाळावर घाम फुटला, नाक वाहायला लागलं. बयाबाई बघतच राहिली. ज्याच्या पोटात घोटभर पाणी ठरत नव्हतं, त्या माणसाला तिखट झोंबत होतं! आणि तेच लालसर कालवण नळीतून उतरून पिशवीत पडत होतं. अगो बाय, ही काय देवाची करणी म्हणायची! तिचे हात आपोआप जोडले गेले.

सितारामने डोळे उघडले, ओठांवरून जीभ फिरवली. कपाळाला आठी पडली.

"मीठ इसरलीस काय गो?"

बयाबाई ताडकन उठली. चमचा हातात तसाच धरून ती वॉर्डभर ओरडत सुटली, "डॉक्टर! ओ डॉक्टर! मीठ कमी हाय म्हनतान!"