रेवाने काढलेले फोटो

शंभर किलोमीटरची दौड संपली आणि मृणालिनीने आपल्या घोडीच्या, रेवाच्या, कपाळावरचा कॅमेरा सोडवला. घोडीला आनंद झाला की तो आपोआप फोटो काढायचा. त्यामुळे दौडीला फोटोग्राफर बोलवणं बंदच झालं होतं. आधी हे फोटो काढणारा हेरंब मात्र जुन्या सवयीने, रिकाम्या हातांनी, वळणावळणावर येऊन उभा राहिला होता.

पडद्यावर फोटो आले. सगळ्या फोटोंत हेरंबच.

"शिंगरू असल्यापासून मी वाढवलंय हिला," मृणालिनी फणकारली.

हेरंब ओशाळला. "ताई, तुम्ही पाठीवर होता. तिला दिसणार कशा?"

मृणालिनी फोटो पुन्हा पहिल्यापासून चाळू लागली. घोडीची नाडी तपासायच्या प्रत्येक थांब्यावर ती खाली उतरली होती, आणि रेवाचं तोंड दोन्ही हातांत धरून तिच्या डोळ्यांत बघत उभी राहिली होती.